अमेरिकेतल्या शाळांमध्ये गोळीबार का होतात? चार दिवस आधी सगळं दिसत होतं, तरी कुणी थांबवलं नाही

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की त्याचे व्हिडिओ तासाभरात आपल्या गावच्या ग्रुपवर येतात. पळणारी पोरं, रडणारे आई-बाप, पोलिसांच्या गाड्या. मग खाली प्रतिक्रिया सुरू होतात. कुणी म्हणतं मोबाईल गेमचा परिणाम, कुणी म्हणतं तिकडे संस्कारच नाहीत, कुणी म्हणतं पोराचं डोकं अचानक फिरलं. दोन दिवसांत विषय मागे पडतो.

पण खरे प्रश्न दोनच आहेत. शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात बंदूक येते कुठून? आणि बंदूक हातात येण्यापासून ती चालेपर्यंत त्याला कुणीच का अडवत नाही?

अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत या दोन प्रश्नांवर भरपूर तपास झाला आहे. कोर्टात खटले चालले, सरकारी अहवाल आले. त्यातून पुढे आलेलं उत्तर 'डोकं फिरलं' यापेक्षा बरंच वेगळं आहे. ते समजून घ्यायला एका गावातले चार दिवस पुरेसे आहेत.

ऑक्सफर्ड गावातले चार दिवस

मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराच्या उत्तरेला ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. वस्ती काही हजारांची. तिथल्या हायस्कूलमधला १५ वर्षांचा एक मुलगा. पुढचा सगळा घटनाक्रम कोर्टात पुराव्यानिशी मांडला गेला.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर २०२१. मुलाला सोबत घेऊन वडील दुकानात गेले आणि ९ एमएमचं पिस्तूल विकत घेतलं. मुलाने त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. हे आपलं नवं पिस्तूल आहे, असंच त्याने लिहिलं.

शनिवार, २७ नोव्हेंबर. आई त्याला नेमबाजीच्या मैदानावर सरावाला घेऊन गेली. ही नाताळची भेट असल्याचं तिनेही सोशल मीडियावर लिहिलं.

सोमवार, २९ नोव्हेंबर. वर्गात हा मुलगा मोबाईलवर बंदुकीच्या गोळ्या शोधत असल्याचं शिक्षिकेच्या लक्षात आलं. शाळेने आईला फोन केला, निरोप ठेवला, ईमेल पाठवला. आईने शाळेला उत्तर दिलं नाही. मुलाला मात्र मेसेज केला. आपल्याला राग आलेला नाही, फक्त पकडलं जायचं नाही हे शीक, असा त्याचा अर्थ होता.

मंगळवार, ३० नोव्हेंबर, सकाळ. गणिताच्या कागदावर मुलाने पिस्तूल, गोळी आणि रक्ताने माखलेला माणूस काढला. शेजारी लिहिलं, 'विचार थांबत नाहीत, मला मदत करा.' शिक्षिकेने कागदाचा फोटो काढून वरच्यांना दाखवला. आई-वडिलांना तातडीने शाळेत बोलावलं. समुपदेशकाने सांगितलं, याला दोन दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवा, जमलं तर आजच न्या. आई-वडील म्हणाले, कामावर परत जायचंय. चार दिवसांपूर्वी घरात पिस्तूल आणलंय, हे त्यांनी सांगितलं नाही. शाळेनेही विचारलं नाही. मुलाचं दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. मुलगा वर्गात परत गेला.

साधारण दोन तासांनी तो शाळेच्या बाथरूममधून पिस्तूल घेऊन बाहेर आला. चार विद्यार्थी मेले, सात जण जखमी झाले. ते पिस्तूल सकाळपासून त्याच दप्तरात होतं.

बातमी पसरली तसे वडील घरी धावले. पिस्तूल जागेवर नाही हे पाहून त्यांनी पोलिसांना फोन केला आणि गोळीबार करणारा आपलाच मुलगा असावा, असं सांगितलं. म्हणजे शंका घ्यायला एक फोन, एक मेसेज पुरला. तीच शंका दोन तास आधी, शाळेच्या त्या खोलीत आली असती तर चार पोरं संध्याकाळी घरी गेली असती.

डिसेंबर २०२३ मध्ये मुलाला आजन्म कारावासाची शिक्षा झाली. २०२४ मध्ये ज्युरीने आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं आणि एप्रिलमध्ये दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. मुलाने शाळेत केलेल्या गोळीबारासाठी आई-बापाला अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

'अचानक' काहीच नसतं

ऑक्सफर्डची घटना अपवाद आहे का? नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणारी 'सीक्रेट सर्व्हिस' ही यंत्रणा शाळांमधल्या हल्ल्यांचाही अभ्यास करते. २००८ ते २०१७ या काळातले ४१ हल्ले त्यांनी तपासले आणि २०१९ मध्ये अहवाल दिला.

त्यात दिसलं ते असं. प्रत्येक हल्लेखोराच्या वागण्यात आधीपासून काळजी वाटावी असं काहीतरी होतं. बहुतेकांनी आपला इरादा आधी कुणाला तरी सांगितला होता, लिहिला होता किंवा ऑनलाइन टाकला होता. दहापैकी आठ जणांना शाळेतल्या इतर मुलांकडून त्रास, चिडवणं, मारहाण सहन करावी लागली होती. ४१ पैकी २५ हल्ल्यांत बंदूक वापरली गेली, आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश बंदुका आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आलेल्या होत्या.

अहवालात आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली आहे. शाळेवर हल्ला करणाऱ्या मुलाचा ठरावीक असा साचा नसतो. तो हुशार असू शकतो, नापास होणारा असू शकतो, एकलकोंडा किंवा मित्रांत रमणाराही असू शकतो. चेहरा पाहून, कपडे पाहून, जात-धर्म-वर्ण पाहून ओळखता येत नाही. ओळखता येतं ते बदललेल्या वागण्यावरून आणि बोलण्यावरून.

मग मुळाशी काय असतं? एकच कारण कधीच नसतं. छळ झालेली लाखो पोरं असतात, ती कुणावर गोळ्या झाडत नाहीत. घरात भांडणं, आई-वडिलांचं वेगळं होणं, व्यसन हेही अनेक घरांत असतं. पण काही पोरांच्या बाबतीत हे सगळं एकावर एक साचत जातं. मनात राग धरला जातो, कुणीतरी आपल्यावर अन्याय केलाय हा विचार पक्का होतो. जगण्यात रस उरत नाही. यातल्या बऱ्याच हल्लेखोरांच्या मनात आत्महत्येचे विचार आधीच होते. मरायचंच आहे तर इतरांना घेऊन, असा त्यांचा हिशेब बनतो. म्हणून अशा हल्ल्यानंतर बरेच हल्लेखोर स्वतःलाही गोळी घालून घेतात.

याला आणखी एका गोष्टीने खतपाणी मिळतं. ती म्हणजे प्रसिद्धी. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोराडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. त्या दोघांचे फोटो, व्हिडिओ, वह्या जगभर दाखवल्या गेल्या. त्यानंतरच्या अनेक हल्लेखोरांनी कोलंबाइनची माहिती गोळा केली होती, त्या दोघांना आदर्श मानलं होतं, असं तपासात पुढे आलं. म्हणूनच आता अमेरिकेत मारणाऱ्याचं नाव-फोटो मिरवू नका, अशी मोहीम चालते. २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनीही हल्लेखोराचं नाव कधीच घेणार नाही, असं संसदेत जाहीर केलं होतं. या लेखातही कुठल्याच हल्लेखोराचं नाव नाही, ते याच कारणाने.

राग सगळीकडे आहे, बंदूक सगळीकडे नाही

चिडलेली, एकटी पडलेली पोरं भारतात आहेत, जपानमध्ये आहेत, जर्मनीत आहेत. मग शाळेत गोळीबार अमेरिकेतच इतक्या वेळा का?

इथे बंदुकीचा हिशेब मांडावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत सर्वसामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आहेत. म्हणजे शंभर माणसांमागे साधारण १२०. माणसांपेक्षा बंदुका जास्त. तिथल्या राज्यघटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीमुळे बंदूक बाळगणं हा नागरिकाचा हक्क मानला जातो. देशाच्या कायद्यानुसार दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, पण लांब नळीची रायफल १८ व्या वर्षी मिळते. तिथे बिअर विकत घ्यायला मात्र २१ वर्षं लागतात. म्हणजे ज्या पोराला दुकानदार बिअरची बाटली देणार नाही, त्याला अनेक राज्यांत लष्करी बनावटीसारखी रायफल मिळते.

टेक्सास राज्यातल्या उवाल्डे गावी २४ मे २०२२ ला हेच झालं. वाढदिवस होऊन १८ वर्षांचा झालेल्या मुलाने काही दिवसांतच दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या आणि प्राथमिक शाळेत शिरून १९ चिमुकली आणि दोन शिक्षिका मारल्या.

बंदुकीने किती फरक पडतो, हे १४ डिसेंबर २०१२ या एकाच दिवसाने दाखवून दिलं. त्या दिवशी चीनच्या हेनान प्रांतातल्या एका खेड्यातल्या शाळेत एक माणूस सुरा घेऊन घुसला. वीसहून जास्त मुलं जखमी झाली, पण सगळी वाचली. त्याच दिवशी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात सँडी हूक प्राथमिक शाळेत एक २० वर्षांचा तरुण आईच्या घरातली रायफल घेऊन गेला. काही मिनिटांत सहा-सात वर्षांची २० मुलं आणि शाळेतली सहा मोठी माणसं मेली. त्याने घरून निघताना आईलाही मारलं होतं. बंदुका तिच्याच नावावर होत्या.

गेम आणि मानसिक आजार ही दोन कारणं नेहमी पुढे केली जातात. मारधाडीचे गेम जपान आणि दक्षिण कोरियातली पोरंही तितकीच खेळतात, पण तिथे सामान्य माणसाच्या घरात बंदूक नसते आणि शाळांमध्ये असे गोळीबारही होत नाहीत. मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुतेक जण कुणाला इजा करत नाहीत. सगळा दोष आजारावर टाकला की आजारी माणूस आणखी लपतो, उपचाराला जात नाही. नुकसान दुहेरी होतं.

ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावात १३ मार्च १९९६ ला एका माणसाने शाळेत १६ मुलं आणि एका शिक्षिकेला मारलं. पुढच्या वर्षी खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. त्यानंतर ब्रिटनमधल्या शाळेत असं हत्याकांड झालेलं नाही. अमेरिकेत अशी बंदी येईल, असं चिन्ह नाही. राजकारण, राज्यघटना आणि बंदूक बाळगणाऱ्यांची संख्या तिन्ही आडवी येतात. त्यामुळे तिथे खरा प्रश्न असा आहे की, बंदुका असतानाही पोरं कशी वाचवायची?

गेटवरचा पहारा पुरतो का?

प्रत्येक घटनेनंतर एक मागणी होते. शाळेला जाड दरवाजे लावा, मेटल डिटेक्टर लावा, बंदूकधारी पोलीस बसवा. याचा थोडा उपयोग होतो, पण त्यावर किती भरवसा ठेवायचा?

कोलंबाइनला १९९९ मध्येही शाळेसाठी नेमलेला बंदूकधारी पोलीस होता. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मारले गेले, तेव्हा तिथला पोलीस इमारतीच्या बाहेरच थांबला. उवाल्डेत तर पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले, तरी वर्गाचं दार उघडून हल्लेखोराला मारायला ७७ मिनिटं लागली. आतून लहान मुलं फोनवर मदत मागत होती. बाहेर आई-बाप पोलिसांशी झटापट करत होते.

मुलगा भरलेली बंदूक घेऊन शाळेत पोहोचला की फार थोडा वेळ उरतो. त्याआधीचे दिवस, आठवडे, महिने मात्र हातात असतात.

पार्कलँडच्या हल्लेखोराबद्दल एका ओळखीच्या बाईने आधीच्या महिन्यातच एफबीआयला फोन करून, हा शाळेत जाऊन गोळीबार करेल अशी भीती सांगितली होती. तो निरोप स्थानिक कार्यालयापर्यंत पोहोचलाच नाही. जॉर्जिया राज्यात ४ सप्टेंबर २०२४ ला अपालाची हायस्कूलमध्ये १४ वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं. त्याच्या घरी वर्षभर आधी पोलीस ऑनलाइन धमक्यांची चौकशी करून गेले होते. तरीही त्यानंतर घरातून त्याला रायफल भेट मिळाली, असं तपास यंत्रणांनी सांगितलं. वडिलांवरही गुन्हा दाखल झाला.

कशाने वाचतं?

न झालेल्या हल्ल्यांची बातमी होत नाही. पण सीक्रेट सर्व्हिसने त्यांचाही अभ्यास केला. २००६ ते २०१८ या काळात वेळीच रोखलेल्या ६७ कटांची माहिती २०२१ च्या अहवालात आहे. हे कट कशामुळे उघडे पडले? सगळ्यात जास्त वेळा शाळेतल्याच एखाद्या पोराने किंवा पोरीने, 'तो असं असं बोलतोय', हे कुणा मोठ्याला जाऊन सांगितलं म्हणून.

यातून चार गोष्टी ठळक होतात.

पहिली, सांगायला जागा हवी. कोलंबाइननंतर कोलोराडोत विद्यार्थ्यांना नाव न सांगता खबर देता येईल अशी 'सेफ टू टेल' नावाची सोय सुरू झाली. पुढे इतर राज्यांनीही तसं केलं. पोरं मोठ्यांना सांगत नाहीत, कारण चुगली केली म्हणतील, किंवा त्या मित्राला पोलीस धरून नेतील, ही भीती असते. ती भीती काढणं शाळेचं काम आहे.

दुसरी, ऐकल्यावर करायचं काय हे आधीच ठरलेलं हवं. व्हर्जिनिया राज्याने शाळांमध्ये शिक्षक, समुपदेशक, पोलीस आणि मानसिक आरोग्यातले जाणकार यांचे गट बंधनकारक केले. धमकी आली की हा गट एकत्र बसतो. मुलगा खरंच काही करेल का, घरात बंदूक आहे का, त्याला कशाचा त्रास आहे, हे तपासतो. नुसतं शाळेतून काढून टाकणं हा उपाय ठरत नाही. काढलेला मुलगा नजरेआड होतो, राग तसाच राहतो. पार्कलँडचा हल्लेखोर त्याच शाळेतून बाहेर काढलेला मुलगा होता.

तिसरी, बंदुकीला कुलूप. बंदूक तिजोरीत, गोळ्या वेगळ्या ठिकाणी, आणि किल्ली किंवा नंबर पोरांना माहीत नाही. ऑक्सफर्डनंतर मिशिगनने घरात लहान मूल असेल तर बंदूक कुलूपबंद ठेवण्याचा कायदा केला, तो फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे. याचा फायदा शाळेपुरता नाही. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्यातले शाळेतल्या हल्ल्यांत गेलेले फार थोडे. बाकीचे घरात, रस्त्यावर, आत्महत्येत आणि अपघातात जातात.

चौथी, धोका दिसला की काही काळ बंदूक काढून घेण्याचा अधिकार. पार्कलँडनंतर फ्लोरिडाने असा कायदा केला. आज सुमारे वीस राज्यांत पोलीस किंवा घरचे कोर्टात जाऊन तशी मागणी करू शकतात.

आपला संबंध कुठे येतो?

हा प्रश्न फक्त परक्यांचा नाही. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले, त्यात शिकायला गेलेली मुंबईची एक तरुणी आणि भारतात जन्मलेले एक प्राध्यापकही होते. आज महाराष्ट्रातली हजारो कुटुंबं अमेरिकेत आहेत. त्यांची पोरं पहिलीपासून शाळेत दिवे बंद करून, दार लावून, कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव करतात. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर नातवंडं हे सहज सांगून जातात.

भारतात बंदुकीचा परवाना मिळणं अवघड आहे, म्हणून अशा घटना फार कमी. पण झाल्या आहेत. डिसेंबर २००७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत आठवीतल्या दोघांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या, पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या मुलाने दप्तरात घरून बंदूक आणली आणि तिसरीतल्या मुलाला गोळी लागली. दोन्हीकडे बंदूक घरातलीच. ज्यांच्या घरात परवान्याचं हत्यार आहे, त्यांनी एवढं तरी आजच पाहावं की ते कुलपात आहे का आणि किल्ली कुणाकुणाला माहीत आहे.

बाकीच्यांसाठीही काही गोष्टी आहेत. पोरगं 'मला जगायचं नाही', 'एकेकाला बघून घेतो' असं बोललं, लिहिलं किंवा स्टेटसला ठेवलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. ओरडण्याआधी विचारा, ऐकून घ्या. शाळेतून फोन आला तर 'कामावर आहे' म्हणून टाळू नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे. आणि गोळीबाराचा व्हिडिओ ग्रुपवर आला तर पुढे ढकलू नका. मारणाऱ्याला तेच हवं असतं.

ऑक्सफर्डच्या त्या मुलाने कागदावर लिहिलं होतं, मदत करा. शिक्षिकेने वाचलं, समुपदेशकाने वाचलं, आई-वडिलांनीही वाचलं. दप्तर मात्र कुणी उघडलं नाही, आणि घरात पिस्तूल आहे का, हा एक प्रश्न कुणी विचारला नाही.